नावात भरलेलं कुंकू

एका फोटोच्या बदल्यात सोहमला टोयोटा मिळणार होती. वीस वर्षं जुनी, एक दार आतून न उघडणारी, पण चालणारी. माझा धाकटा भाऊ फुकटात फोटो काढणाऱ्यातला नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं घडलंय. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही बघा, मी पदरची एक ओळ घातलेली नाही.

२६ ऑगस्ट २०२०, बुधवार. दुपारचे सव्वातीन.

हो, दुपारचे. लख्ख ऊन होतं.

आम्ही मेलबर्नला टार्निटमध्ये राहतो. तेव्हा लॉकडाऊन असा की पाच किलोमीटरपलीकडे जायची सोय नाही. आमचा शेजारी डेस्मंड चिन. वय शहात्तर, बायको गेलेली, जन्म इथलाच. चिनी भाषेच्या नावाने शून्य. "मला मेन्यूसुद्धा वाचता येत नाही, लव्ह," असं स्वतःच सांगायचा.

आणि या माणसाला चीनमधलं मूळ गाव शोधायचं होतं.

त्याचे पणजोबा सोन्याच्या खाणींसाठी इकडे आले. साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोबच्या बंदरात जहाजातून उतरले, खांद्यावर कावड घेऊन चारशे किलोमीटर चालत बेंडिगोला पोचले आणि तिथेच वारले. त्यांच्या आडनावाच्या बारा गावांची मिळून एक वंशावळ आहे, आपल्या कुलवृत्तांतासारखी. तीस वर्षांतून एकदा नवी छापतात. या खेपेची नोंदणी तीस सप्टेंबरला बंद होणार होती, आणि गाव कळल्याशिवाय डेस्मंडचं नाव तिच्यात जाणार नव्हतं.

दफ्तरं बंद. विमानं बंद. ईमेलला ठरलेलं उत्तर, 'कोविडमुळे विलंब.' रोज संध्याकाळी तो कुंपणापाशी येऊन मला ते वाचून दाखवायचा, जणू मीच पाठवलंय.

मार्ग एकच होता. त्या काळच्या चिनी कबरींवर गावाचं नाव कोरलेलं असतं. कबर बेंडिगोत. बेंडिगोत आमचा सोहम, हॉस्पिटलात एक्स-रे काढायला. रिजनल व्हिसा, म्हणजे तिथेच नोकरी करायची अट; पीआरला, कायमच्या वास्तव्याला, सात महिने बाकी.

डेस्मंडने फोटोच्या बदल्यात आपली जुनी टोयोटा कबूल केली, तेव्हा हा सायकलवर गेला. दगड सापडला, पण अक्षरं झिजलेली, फोटोत काही दिसेना. मग त्याने आपल्यातला कोणीही करेल तेच केलं. पाकिटात आईने दिलेली कुंकवाची पुडी होती. बोट ओलं करून त्याने एकेक अक्षर भरलं.

फोटो झकास आला. लगेच मला व्हिडिओ कॉल. "ताई, बघ, देवळातल्या शिळेसारखं दिसतंय."

तेवढ्यात त्याच्या मागून...

करर्... करर्...

ओझ्याने वाकलेली कावड करकरते तसा आवाज. चालीच्या ठेक्यात.

मागे कोण आहे, विचारलं. म्हणाला, कोणी नाही, वारा.

मला मागची झाडं दिसत होती. एक पान हलत नव्हतं.

चार दिवसांत गाव सापडलं. डेस्मंड कुंपणाला धरून रडला. वंशावळीचं काम बघणारे गावातले निवृत्त मास्तर व्हिडिओवर आले, इंग्रजी बरं होतं त्यांचं. डेस्मंडने टॅब मुद्दाम माझ्याकडेही वळवून धरला. मास्तरांनी फोटो पाहिला.

चष्मा पुसून पुन्हा पाहिला...

मग विचारलं, नाव लाल कोणी केलं?

त्यांच्याकडे लाल अक्षर जिवंत माणसाचं. मेलेल्याचं काळं. दगडावरही तसंच, पुस्तकातही तसंच. मेलेल्याला जिवंत लिहिलं की तो घरी यायला निघतो, असं ते म्हणाले. अगदी शांतपणे. मग म्हणाले, आजच पुसा.

सोहमला तासाभरात पिटाळलं.

दगड कोरा होता. तीन दिवस पाऊस झाला होता बेंडिगोत.

पुसायला काही उरलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात सोहमच्या उजव्या खांद्यावर घट्टा आला. वर्षानुवर्षं ओझं वाहिल्यावर येतो तसला. त्याने स्वतःचाच एक्स-रे काढवून घेतला. काही नाही.

नऊ सप्टेंबरला तो शिफ्टला निघाला आणि पोचलाच नाही. संध्याकाळी सहाला भानावर आला तो मारोंगच्या रस्त्यावर, बेंडिगोपासून पंधरा किलोमीटर पश्चिमेला. सायकल घरीच.

"कुठे चाललोय ते माहीत नव्हतं, ताई. उशीर झालाय, एवढंच कळत होतं."

असं चारदा झालं. दर वेळी आणखी लांब. हॉस्पिटलने लेखी ताकीद दिली.

एकोणतीसला मी कुंपणापाशी गेले. तोवर मास्तरांनी दोनच वाटा सांगितल्या होत्या. लाल झालेलं नाव विधीशिवाय काळं होत नाही, आणि विधीला गावची माणसं कबरीवर यायला हवीत. सीमा बंद. तेव्हा एक तर डेस्मंडचं पान या वेळी गाळायचं, नाहीतर नाव लालच छापायचं. छापलं की कायमचं.

मी म्हटलं, "पान गाळायला सांग, डेस्मंड. माझा भाऊ चालत सुटलाय."

त्याने हातातला टॅब बंद केला.

"पुढच्या पुस्तकाला मी एकशे सहा वर्षांचा असेन, लव्ह."

आणि आत गेला. दार अगदी हळू लावलं. सभ्य माणूस.

एक ऑक्टोबरला सोहमचा फोन बंद.

तीन तारखेला साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर पोलिसांनी त्याला अडवलं. बेंडिगोपासून तीनशे किलोमीटर. पायी. दोन दिवसांत. रस्त्यावर जागोजागी नाके, कोणी त्याला गाडीत घेतल्याची नोंद नाही.

स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता. तिथे चिनी घरातली एक कॉन्स्टेबल होती, तिने ऐकून आम्हाला अर्थ सांगितला. असली जुनी चिनी बोली तिची आजी बोलायची, म्हणाली.

विचारत होता... जहाज गेलं का?

डिसेंबरमध्ये त्याला पुण्याला पाठवलं. तिकडे तरी थांबेल, असं वाटलं होतं. आई फोनवर सांगते, दुपारी तीनला उठतो, निघतो. आधी पश्चिमेला जायचा. हल्ली पूर्वेला.

चीन कुठल्या दिशेला, हे आईला मी सांगितलेलं नाही.

कोणाला काय मिळालं हे मोजायची माझी खोड जात नाही. डेस्मंडला पान मिळालं. पुस्तक पोस्टाने आलं, त्याने मला दाखवलंही. पणजोबांना रस्ता मिळाला. सोहमची टोयोटा राहिलीच, नोकरी गेली, पीआर गेला, डाव्या पायाची दोन नखं गेली. आणि आई रोज पावणेतीनला दाराला आतून कुलूप लावते, किल्ली मुठीत धरून दारातच खुर्ची टाकून बसते.

कालही बसली होती. कुलूप तसंच होतं, किल्ली मुठीत होती.

सोहम घरात नव्हता.