तिसरा दाब

शेलूबाजारला पंक्चर काढायला गाडी थांबली होती, त्या दुपारची ही गोष्ट.

पोलिसांच्या शीघ्र कृती दलाची गाडी म्हटली की लोकांना वाटतं, ती सायरन वाजवत कुठंतरी धावतच असते. खरं तर बहुतेक वेळा ती बंदोबस्ताहून परतत असते, आतली माणसं घामानं चिंब असतात आणि मागचं चाक बसलेलं असतं. त्या दिवशीही मंगरूळपीरचा बंदोबस्त उरकून सगळे पंक्चरवाल्याच्या टपरीसमोर चहा पीत उभे होते. सोयाबीन काढणीचे दिवस. शेजारच्या वावरात थ्रेशर धडधडत होता आणि कुटाराची, म्हणजे भुशाची, धूळ चहाच्या कपात उतरत होती.

रुचिका दलात नवीन, आणि एकटीच मुलगी. सकाळी तिला गाडीत जागा मिळाली नव्हती म्हणून ती अगदी मागच्या सीटवर बसायला गेली, तर गाडी चालवणारे जगदेव हवालदार आरशातून ओरडले होते, "तिथं नको बसू!"

"काहून?"

"बॅगा राह्यतात तिथं."

सीटवर एकच बॅग होती, तीही कुणी मुद्दाम मध्यभागी ठेवल्यासारखी. रुचिका धुसफुसत चाकावरच्या पत्र्यावर बसून आली होती. तो राग चहापर्यंत टिकला.

"काका, एक सांगा," ती म्हणाली. "सगळ्यात मागं उभं राहून फक्त दाब द्यायचा, हे बी काही काम हाय का?"

दाब म्हणजे दलाची मुकी भाषा. बंद दारातून आत शिरायचं असलं की सगळे एकामागे एक भिंतीला चिकटून उभे राहतात. बोलायचं नाही. सगळ्यात मागचा तयार झाला की तो पुढच्याच्या डाव्या खांद्यावर हात दाबतो, तो त्याच्या पुढच्याच्या. असा दाब सरकत सरकत दारापाशी पोचला की दार फुटतं. एक दाब म्हणजे चला. दोन दाब म्हणजे थांबा. सुरुवात नेहमी मागून होते, कारण मागचा तयार नसताना पुढचा आत गेला, तर तो एकटाच जातो. गुडघे जायच्या आधी ती मागची जागा कित्येक वर्षं जगदेवांची होती, आता ती रुचिकाला मिळाली होती.

"मागचा चुकला तं पुढचा मरते, पोरी," जगदेव म्हणाले.

"आन् तीन दाब मंजे काय? चहा?"

गोलूला ठसका लागला. दार फोडायचा लोखंडी ठोकळा एका हातानं उचलणारा हा धिप्पाड गडी, नाव मात्र गोलू. "तीन मंजे चहासोबत कचोरी!" तो म्हणाला.

जगदेव हसले नाहीत. "तीन कोनी देत नाई."

"काहून?"

"देत नाई मंजे देत नाई."

हेच. नेमकं हेच रुचिकाला सहन होत नसे. घरी आजोबा, कॉलेजात प्राचार्य, इथं हा म्हातारा. यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला 'नाही' असतं आणि एकाही 'नाही'ला कारण नसतं. ती काहीतरी झोंबणारं बोलणार, तेवढ्यात गाडीतला वायरलेस खरखरला, आणि उपनिरीक्षक हरीओम साहेबांनी चहा तसाच मातीत ओतला.

गाडी आली त्याच रस्त्यानं उलटी वळली.

मंगरूळपीरच्या बाहेरचा तो नवा लेआऊट म्हणजे काल-परवापर्यंतचं वावर. रोवलेले पांढरे दगड, मुरमाचे रस्ते, मध्येच एखादं गुलाबी रंगाचं घर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धवट विटांचे सांगाडे. गुलाबी घराच्या वरच्या मजल्यावर स्वप्निल नावाच्या माणसानं स्वतःच्या मुलीला घेऊन कोंडून घेतलं होतं. बायको आत्ताच्या आत्ता नांदायला आली नाही, तर पोरगी जिवंत दिसणार नाही, असं तो सकाळपासून ओरडत होता. दुपारनंतर त्याचं ओरडणं थांबलं होतं, आणि खिडक्यांना आतून गोधड्या लागल्या होत्या.

बायको, ज्योत्स्ना, फाटकाबाहेर मातीत बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी उरलं नव्हतं. फाटकात उभे होते तिचे सासरे भगवंतराव, खांद्यावर कडक इस्त्रीचा शेला.

"घरचा मामला हाय, साहेब," ते म्हणत होते. "गरम डोक्याचा हाय, पन मनानं चांगला. संध्याकाळपर्यंत थंड होते."

"समाजाच्या मागच्या बैठकीत यायनंच मले वापस धाडलं होतं," ज्योत्स्ना खाली बघत म्हणाली. "जुळवून घे मने. माया हात मोडला होता तई."

रुचिकाच्या कानशिलाशी रक्त धडधडायला लागलं. थांबा, जुळवून घ्या, थंड होऊ द्या. या लोकांनी थांबून थांबून एका लेकराला त्या गोधड्यांमागे नेऊन बसवलं होतं. ती आता थांबणार नव्हती.

साहेबांनी बेत सांगितला. बाहेरच्या बाजूनं बंद जिना आहे, वर एकच दार. गोलू दार फोडेल. साहेब आत स्टन ग्रेनेड फेकतील. दलात त्याला सुतळी म्हणायचे, कारण आवाज सुतळीबॉम्बसारखाच, फक्त शंभरपट. त्या उजेडानं आणि आवाजानं माणूस भांबावतो. तेवढ्यात मुलीला उचलायचं. जगदेव गाडीपाशी, ज्योत्स्नाजवळ थांबतील.

रुचिका सगळ्यात शेवटी जिन्यात शिरली. जिन्याचं खालचं सरकतं लोखंडी फाटक तिनंच ओढून घेतलं. गंजलेलं फाटक असं किंचाळलं की वरच्या चौघांनीही मान वळवली. मग सगळं शांत झालं.

बाहेर दिवस मावळतीला टेकला होता, पण जिन्यात तो पोचतच नव्हता. फाटकाच्या फटींतून एक तांबूस पट्टा पहिल्या दोन पायऱ्यांवर पडला होता, त्याच्या वर काळोख. ओल्या सिमेंटचा वास, तोंडावरच्या फडक्यात अडकलेला कुटाराचा वास. लांबवर थ्रेशर चाललेला. सगळ्यात वर गोलूचं श्वास घेणं, मग साहेब, मग दोघं जण, आणि सगळ्यांच्या खाली, तांबूस पट्ट्याच्या लगेच वर, ती. दाराच्या आतून काहीच ऐकू येत नव्हतं. रडणंसुद्धा नाही… आणि तेच जास्त वाईट होतं.

कानातल्या यंत्रात साहेब कुजबुजले, "रुचिका, तुझ्यावर."

तिनं हात उचलला. पुढच्याच्या खांद्यावर ठेवला. बोटं आवळायला घेतली…

आणि तिच्या स्वतःच्या डाव्या खांद्यावर मागून हात पडला.

मोठा हात. जड. बोटं रुंद पसरलेली. घाई नाही, थरथर नाही. एकदा दाबला. जरा थांबून दुसऱ्यांदा दाबला.

थांबा.

आला म्हातारा! तिच्या मनात पहिला विचार हाच आला. गुडघे घेऊन जिन्यापर्यंत आला, आणि इथंही 'नाही'. झटकून टाकावा तो हात, द्यावा एकच दाब पुढे, मग होईल ते होईल. तिची बोटं पुढच्याच्या खांद्यावर तशीच अर्धी आवळलेली होती. पण दलात मागून आलेला दाब बदलता येत नाही. तो जसा आला तसा पुढे द्यायचा असतो, आवडो न आवडो. दात आवळून तिनं दोनदा दाबलं.

दोन दाब वर सरकत गेले. गोलूनं मागे खेचलेला ठोकळा हवेतच थांबला. साहेबांच्या सुतळीची पिन अर्धी निघाली होती.

"कोनं थांबवलं?" साहेबांचा स्वर चाकूसारखा होता.

रुचिका जगदेवांकडे बोट दाखवायला मागे वळली.

मागे कुणीच नव्हतं.

दोन पायऱ्या, तांबूस पट्टा, आणि बंद फाटक. तेच फाटक, जे आवाज केल्याशिवाय बोटभरही सरकत नव्हतं. मान खाली घालून ती त्या रिकाम्या पायरीकडे बघत राहिली, आणि तोंडावरचं फडकं किंचित घसरलं. तेव्हा तिला तो वास आला. गुडघ्यांच्या उंचीवर, पायरी-पायरीनं खाली उतरत येणारा, सडक्या कांद्यासारखा…

"साहेब," ती जेमतेम म्हणाली. "गॅस. आत गॅस सोडला हाय त्यानं."

पाच माणसं जिन्यात दगडासारखी उभी राहिली. मग साहेबांनी पिन हळूच, फार हळूच, परत आत ढकलली.

पुढचं सगळं रुचिकाला नंतर तुकड्या-तुकड्यांनी आठवे. फाटक उचलून धरून बिनआवाज सरकवणारा गोलू. खांबावरून लाइन तोडायला धावलेला माणूस. आणि भगवंतरावांच्या नाकासमोर उभी ती स्वतः.

"आजोबा, वर जायले दुसरा रस्ता?"

"मॅडम, माया पोरगा असा नाई…"

"तुमच्या पोरानं सिलेंडर उघडला हाय! नातीले वाचवाचं हाय का शेला सांभाळत बसाचं हाय? रस्ता बोला!"

भगवंतरावांनी शेजारच्या विटांच्या सांगाड्याकडे हात केला. तिथून गच्चीवर उतरता येत होतं, आणि गच्चीच्या दाराची कडी तुटकीच होती.

बूट काढून, धातूची प्रत्येक वस्तू खाली ठेवून गोलू, साहेब आणि ती असे तिघं गेले. स्वप्निल पलंगावर बसला होता, दाराकडे तोंड करून, हातात लायटर. तो दार फुटायची वाट बघत होता. गोलूनं मागून त्याची मूठ आपल्या पंज्यात घेतली, एखाद्या लेकराच्या हातून खेळणं घ्यावं तशी, आणि दुसऱ्या हातानं त्याला जमिनीला टेकवलं. साहेबांनी सिलेंडर बंद केला. रुचिकानं गोधड्या ओरबाडून खिडक्या उघडल्या. संध्याकाळचा वारा आत शिरला, आणि तो कुटाराचा धुळकट वास तिला अत्तरासारखा वाटला.

मुलगी दाराला पाठ लावून बसली होती. गोलूनं ठोकळा मारला असता, तर पहिला घाव तिलाच बसला असता.

ज्योत्स्नानं मुलीला कवेत घेतलं. गोलू भिंतीकडे वळून नाक शिंकरत होता. "कुटार गेलं डोळ्यात," तो म्हणाला. "तुया दोन्ही डोळ्यांत गेलं का रे?" साहेबांनी विचारलं, आणि सगळे हसले, गरज नव्हती तितके हसले. भगवंतराव पुढे येऊन काही बोलू लागले, "झालं गेलं ते…"

"आता बैठक ठाण्यात," रुचिका म्हणाली. भगवंतरावांनी शेला खांद्यावरून उतरवला. आयुष्यात पहिल्यांदाच असावं.

मग ती जगदेवांकडे गेली. "काका, जिन्यात कायले आले होते तुमी?"

"मी?" जगदेवांनी ज्योत्स्नाकडे पाहिलं. "या बाईनं माया हात एक घडी सोडला नाई. इचार तिले."

ज्योत्स्नानं मान हलवली.

जगदेवांनी तिच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "किती दिले?"

"दोन."

त्यांनी छातीत धरून ठेवलेला श्वास सोडला. "दोन ना… बरं झालं. दोन बरे असतात. दोन आले तं मानूस घरी पोचते."

"कोनाचा हात होता तो?"

"पोरगी वाचली ना? मंग झालं."

पुन्हा तेच उत्तर. पण या वेळी तिला राग आला नाही. खांद्यावर अजून ते वजन होतं आणि ते वजन, खरं सांगायचं तर, ऊबदार होतं.

मुलीला तपासायला वाशिमच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मायलेकींना पुढच्या सीटा दिल्या, स्वप्निलला दुसरी गाडी घेऊन गेली. जागा उरली ती शेवटची. बॅग बाजूला सारून रुचिका तिथं टेकली. सगळेच इतके थकले होते की जगदेवांनी पाहिलं तरी काही म्हटलं नाही, किंवा त्यांनी पाहिलंच नसेल.

बाहेर अंधार उतरत होता. मुलगी रुचिकाच्या पुढच्याच सीटवर उलटी बसून मागे बघत होती. बिस्किटाचा भुगा तिच्या ओठांना लागला होता.

"निक्की नाव ना तुयं?" रुचिकानं विचारलं. "भेव नाई वाटलं तुले?"

"वाटलं ना. अंधार झाला होता. मले लाइट लावाची होती."

रुचिकाच्या अंगावर काटा आला. त्या गॅसभरल्या खोलीत बटण दाबलं असतं, एक ठिणगी… "मंग? लावली काहून नाई?"

"उठूच देत नोते ना. मी उठली की दाबत."

"पप्पा?"

"नाई वो. पप्पा तं पलंगावर होते. मागून." तिनं आपल्या डाव्या खांद्यावर इवलासा हात ठेवून दाखवला. एकदा दाबला, जरा थांबून पुन्हा. "असं."

तिच्या मागे तर दार होतं. बंद दार, आणि दारापलीकडे गोलू.

रुचिका हसली. दुसरं काय करणार? जो कुणी होता, तो दाराच्या दोन्ही बाजूंना होता, आणि त्यानं सगळ्यांना जपलं होतं. पुढे गोलू कचोरीच्या गोष्टी करत होता, ज्योत्स्ना पहिल्यांदाच हसत होती, गाडीत बिस्किटांचा गोड वास भरला होता. रुचिकानं डोकं मागे टेकवलं. मागे गाडीचा पत्रा. कुणाला उभं राहायला बोटभर जागा नाही.

डाव्या खांद्यावर तो हात आला.

आता ती दचकली नाही. मनात म्हणाली, बाबा, जो कोण असशील तो, मेहेरबानी तुझी.

एकदा दाबला. तिनं डोळे मिटले.

दुसऱ्यांदा दाबला. थांबा? आता कशाला थांबायचं?

मग जरा वेळ गेला. आणि अगदी हळू, अगदी घट्ट, तिसऱ्यांदा.

तिनं डोळे उघडले. समोर, गाडीच्या आरशात, जगदेव तिच्याकडे बघत होते. नाही… तिच्याकडे नव्हे. तिच्या खांद्याच्या जरा वर, जरा मागे.

"काका," ती म्हणाली. आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तीन मंजे काय?"

जगदेवांनी हात वर केला, आरसा छताकडे वळवला, आणि गाडीचा वेग वाढवला.