सव्वानऊचा वाचक

तुळिंजच्या बाजारात चिरागच्या मोबाइलच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकलं, तेव्हा जितेश आतच होता. लॅपटॉप, चार्जर आणि अर्धा वडापाव घेऊन.

"भाई, तिथेच बस," चिराग बाहेरून ओरडला, "स्प्रिंगवाल्यांना फोन केलाय."

वीसेक मिनिटांनी शटरखाली आधी निळ्या चपला दिसल्या. मग एक कापडी पिशवी खाली टेकली. मग एक चेहरा वाकून आत डोकावला — कपाळावर चिकटलेले केस, कानात बारीक रिंग, हनुवटीवर ग्रीसचा डाग.

"तुम्ही अडकलायत की लपलायत?"

"अडकलोय… म्हणजे, वाकून निघता येईल तसं."

"मग निघा ना! अंगावर पडलं तर आधी तुम्हाला दवाखान्यात न्यावं लागेल, मग शटरचं बघावं लागेल. मला एवढा वेळ नाहीये."

जितेश वाकून बाहेर आला. वडापाव आत राहिला.

ती अश्लेषा. सातिवलीला तिच्या वडिलांचा छोटा गाळा होता, दुकानांच्या शटरला लागणाऱ्या स्प्रिंगा बनवायचा. तिने जोर लावून शटर थोडं वर केलं आणि हात सोडला. शटर जागच्या जागी थांबलं.

"स्प्रिंग ठणठणीत आहे," ती चिरागला म्हणाली. "गेली असती तर धाडकन खाली आलं असतं. बाजूच्या खाचा गंजल्यात. रॉकेलच्या फडक्याने पुसा, ग्रीस लावा."

"नवीन नको?"

"नको."

"एवढ्या लांबून येऊन काहीच विकणार नाही?"

"तुटली की या. मी कुठे पळून चाललेय?"

जितेश हसला. आणि का कोण जाणे, लगेच फोन काढून काहीतरी शोधायला लागला.

"तुम्ही गूगलवर नाही आहात," तो म्हणाला. "शटर स्प्रिंग, वसई… तिसऱ्या पानापर्यंत आलो. कुठल्या कुठल्या गावची माणसं आली. तुम्ही नाही."

"मला तिथे कशाला शोधताय?" तिने पिशवी उचलली. "समोर तर उभी आहे."

झालं. त्या दिवशी जितेशने पुढे काहीच काम केलं नाही.

---

जितेश आचोळ्याचा. बी.कॉम. झाल्यावर तो यूट्यूब बघत, चुकतमाकत एक काम शिकला होता. धंद्याची वेबसाइट गूगलवर वर आणायचं. त्याचं म्हणणं सोपं होतं. लोक गूगलला काय विचारतात ते बघायचं आणि त्याचं पूर्ण, खरं उत्तर साइटवर लिहून ठेवायचं. चार ओळींत गुंडाळायचं नाही. माणूस वाचून उठला की त्याला दुसरीकडे जायची गरज पडता कामा नये.

तुमच्या गाळ्याची साइट मी करतो, असं तो म्हणाला तेव्हा अश्लेषाला हे पटलं. तिचे वडील जयवंतकाका मात्र खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"स्प्रिंग कधी बदलायची नाही, ते तू लिहिनार. फुकट. मग आपल्याकडे येनार कोन?"

"काका, खरं सांगणाऱ्याकडेच माणूस परत येतो."

"हे तुझ्या यूट्यूबवर सांगतात?"

"नाही. तुमची मुलगी चिरागच्या दुकानात असंच वागली. आता चिराग सगळ्या बाजाराला तुमचा नंबर देत फिरतोय."

काका म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघतो. तोवर त्या साइटवरून एक तरी अनोळखी गिऱ्हाईक आलं, तर गाळा अश्लेषाने चालवायचा. नायतर बाजूचा पुठ्ठ्याचा खोकेवाला भाड्याने मागतोय, त्याला देऊन टाकतो. हिच्या मामाने अंधेरीला नोकरी बघून ठेवलीय."

अश्लेषा मशीनचं हँडल नुसतंच पुसत राहिली. जितेशला तेव्हाच कळलं, तिला ती नोकरी किती नको होती ते.

---

मग दर शनिवारी तो सातिवलीला जायला लागला. पावसात गाळ्याच्या पत्र्यावर असा आवाज व्हायचा की तिला त्याच्या कानाशी येऊन बोलावं लागायचं. निदान ती तरी तसंच म्हणायची.

"तारेची जाडी कशी मोजायची, लिहिलंस?"

"लिहिलं. स्प्रिंग स्वतः उघडू नका, हात तुटेल, तेपण लिहिलं."

"आणि खारी हवा? आपल्याकडे गंज लवकर धरतो, ते?"

"तू बोल ना… मी रेकॉर्ड करतोय."

"सगळं रेकॉर्ड करतोस?"

"कामाचं तेवढंच."

"मग मघाशी मी चहावाल्याला हाक मारली, ती कशाला केलीस?"

जितेशने फोन उलटा ठेवला. कान मात्र झाकता आले नाहीत… ते लाल झाले होते.

चार महिन्यांत सहा मोठे लेख झाले. साइट दुसऱ्या पानावर आली, आणि तिथेच रुसून बसली. आकडे बघून जितेश रडकुंडीला यायचा. दिवसाला पाचसात लोक, तेही दहा सेकंदांत पसार.

एक सोडून.

वसईतलाच कुणीतरी होता. रोज सकाळी सव्वानऊला यायचा. एक लेख उघडायचा आणि अकरा-बारा मिनिटं शेवटपर्यंत वाचायचा. जितेश नऊपासूनच स्क्रीनसमोर बसायला लागला. तो आला की बरं वाटायचं. जगात एक तरी माणूस आपलं लिहिलेलं पूर्ण वाचतो!

गणपती तोंडावर आले आणि काकांनी विचारलं, "काय म्हनते तुझी साइट?" अश्लेषा तेव्हा विरारला माल पोचवायला गेली होती. जितेशच्या तोंडून निघून गेलं, "काका, एक पक्कं गिऱ्हाईक आहे. वसईचाच माणूस. रोज वाचतो. आज ना उद्या फोन करणार बघा."

काका उठले. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्यासाठी खुर्चीतून उठले! खोकेवाल्याला सांगितलं, जरा थांब. तारेची दोन जास्तीची बंडलं मागवली.

---

पुढच्या आठवड्यात जितेश मुद्दाम सकाळी गाळ्यावर गेला. लॅपटॉप बाकावर उघडला. काका अजून यायचे होते.

"बघ, आता गंमत दाखवतो. सव्वानऊला तो येईल."

"कोण तो?" अश्लेषा कोपऱ्यातल्या स्टुलावर होती, चहाचा ग्लास बाजूला ठेवून.

"थांब ना… आला! आत्ता वाचतोय बघ! वसई, मोबाइलवरून, गंजाचा लेख —"

तो वळला. तिने पटकन फोन ओढणीखाली घेतला.

पत्र्यावरून थेंब गळत होते. एक. दोन. तीन.

"तू?"

"…हं."

"रोज?"

"चहा पिताना." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "बोललेली मीच असते त्यात, माहितीये. पण तू लिहिलंस की वाटतं… ही मुलगी किती हुशार आहे. घरी मला असं कुणी म्हणत नाही. म्हणून वाचते. हसू नकोस."

हसायचं कुठलं! त्याला एकाच वेळी नाचावंसंही वाटलं आणि तोंड लपवावंसंही.

"अश्लेषा, मी काकांना सांगितलंय, तो गिऱ्हाईक आहे म्हणून. त्यांनी तार मागवलीय."

तिचा चेहरा उतरला. "दसऱ्याला पाच आठवडे राहिलेत, जितेश. आता सांगितलंस तर ते आजच खोकेवाल्याला होकार देतील."

"माहितीये."

"मग?"

"मग काय… स्प्रिंग ठीक असताना तू चिरागला नवीन विकलीस का?"

दारात काकांची स्कूटर थांबली. जितेश स्वतःहून पुढे गेला आणि सगळं सांगून टाकलं. गिऱ्हाईक नाहीच. माझी चूक. वाचणारी तुमचीच मुलगी.

काकांनी तारेच्या बंडलांकडे एक नजर टाकली.

"रोज वाचते?" त्यांनी विचारलं. "बारा मिनटं? असं आहे काय त्यात? वाच बघू."

अश्लेषाने वाचलं. मशीन बंद करून सगळा लेख वाचला. काका डोळे मिटून ऐकत होते, आणि अचानक म्हणाले, "अर्धवट आहे."

"काय, काका?"

"डाव्या-उजव्याचं कुठेय? एका दांड्यावर दोन स्प्रिंगा असतात, एक डावी वळलेली, एक उजवी. निम्मे लोक उलटी बसवतात नि म्हनतात माल खराब. तीस वर्षं हेच ऐकतोय. घे, लिही… आनि ते रेकॉर्डचं यंत्र चालू कर!"

त्या दिवशी काका दोन तास बोलले. खोकेवाल्याचं नाव निघालं नाही.

---

सातवा लेख काकांचा. त्यांनी हातात स्प्रिंग धरून फोटोही काढून घेतले. हे असं कुठेच कुणी लिहिलेलं नव्हतं. तीन आठवड्यांनी तो लेख पहिल्या पानावर दिसायला लागला. अश्लेषाच्या फोनवर, चिरागच्या फोनवर, खोकेवाल्याच्यासुद्धा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाळ्याचा फोन वाजला. रत्नागिरीहून कुणीतरी होतं. "ते डाव्या-उजव्याचं वाचलं. आमचे लोक दोन वर्षं उलटीच बसवत होते हो! आठ शटरं आहेत. मापं कुणाला सांगू?"

काकांनी फोन कानापासून काढला आणि अश्लेषाकडे धरला.

"मालकिनीला सांगा," ते म्हणाले.

दसऱ्याला मशीनची पूजा तिने केली. काका पेढे घेऊन शेजारच्या गाळ्यांत गेले. ती शटरवर झेंडूचं तोरण बांधत होती, दुसरं टोक जितेशच्या हातात होतं.

"आता किती येतात रोज वाचायला?"

"शंभराच्या वर." तो जरा थांबला. "पण सव्वानऊचा वाचक यायचा बंद झालाय."

"अरेरे. वाईट वाटतं?"

"खूप. मी रोज वाट बघायचो त्याची… तू आहेस हे माहीत नव्हतं, तेव्हापासून. माहीत झाल्यावर तर…"

"तर?"

"तर आकड्यांत लक्षच लागत नाही. नुसती तू आठवतेस."

अश्लेषाने गाठ मारली. हात झेंडूने पिवळे झाले होते. त्यातलंच एक बोट तिने हळूच त्याच्या गालावर ओढलं.

"हल्ली सव्वानऊला तू कुठे असतोस, जितेश?"

"इथेच. तुझ्यासमोर."

"मग मी वाचू कधी?"