शून्य वाऱ्यात फिरलेलं चाक

विश्वास ठेवा म्हणून गळ घालणार नाही. मावशीनं जसं सांगितलं तसं सांगतो. घडलेलं आहे. आणि माझ्या मावशीला कल्पना लढवायची सवय नाही. ती आकडे काढते.

विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तरी समोरून येणाऱ्या वाऱ्यानं त्याची पाती फिरत राहतात. त्या मेलेल्या इंजिनातून किती हवा जाईल, हे मावशी आधी सांगते. चुकत नाही.

तिच्या कारखान्याच्या शेडमध्ये उभ्या इंजिनाचंही तसंच. दार उघडं राहिलं, वारा आला, की पात्यांचं चाक फिरतं. म्हणून आत हात घालण्याआधी पात्यांना पट्टा बांधायचा. मग जोडीदारानं इंजिनाच्या पत्र्यावर बाहेरून दोनदा टकटक करायची. म्हणजे बांधलंय, घाल हात.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, तिथेच फिटर होते.

त्या दुपारी त्यांनी पट्टा बांधला नाही. कारण मावशीनंच लिहून दिलं होतं, सेकंदाला साडेतीन मीटरच्या खालच्या वाऱ्यात हे चाक हलणार नाही. वारा होता दोन. “बाईसाहेबांचा आकडा आहे, पट्टा कशाला?” असं जेवायला निघालेल्यांना हसत म्हणाले आणि पात्यांमधून हात आत घातला.

चाक फिरलं.

जेवणाची सुट्टी होती. माणसं परतली तोवर उशीर झाला होता.

मावशी रडली नाही. सव्वा महिन्यानं कामावर गेली आणि म्हणाली, आकडा तपासायचाय. चुकला असेल तर काका तिच्यामुळे गेले. तेवढंच तिला कळायला हवं होतं.

मंगळवार. दुपारी एक. शेडची दारं बंद. वाऱ्याच्या यंत्रावर बुवा, काकांचे जोडीदार. एरवी टवाळ माणूस. त्या दिवशी एवढंच म्हणाले, “वहिनी, चूक निघाली तरी तो काही भांडायला परत येणार नाही.”

“वारा सोडा,” मावशी म्हणाली.

तिची वही मी पाहिली आहे.

वारा १. स्थिर.
वारा २. स्थिर.
वारा ३. स्थिर.
वारा ३.५. फिरलं.

आकडा बरोबर होता.

तिला काहीच वाटलं नाही. सुटल्यासारखंही नाही. फक्त… मग त्या दुपारी चाक कशानं फिरलं?

बुवांनी वारा बंद केला. चाक थांबलं. ते पट्टा आणायला कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेले.

मावशी थांबली नाही. काकांनी घातला होता तिथेच तिनं हात घातला. खांद्यापर्यंत.

वाऱ्याचा काटा शून्यावर.

आणि चाक… हललं.

सावकाश. पातं दंडाला टेकलं. मग रुतायला लागलं. ओरडावंसं वाटलं नाही, असं ती सांगते. असू दे, असं वाटलं.

टक… टक.

पत्र्यावर. बाहेरून.

चाक थबकलं. मग उलटं फिरलं. वीतभर. हात सुटला.

समोरच्या वाऱ्यानं ते चाक उलटं फिरत नाही. पाती तशी वळवलेलीच नसतात.

बुवा पट्टा घेऊन आले. तिनं विचारलं, “तुम्ही वाजवलंत?”

“बांधल्याशिवाय मी कधी वाजवलंय का, वहिनी?”

वहीत शेवटची ओळ आहे. वारा ०. पुढे कोरं.

बुवांनी बदली मागून घेतली. मावशी अजून तिथेच जाते. दंडावर काळसर रेघ आहे, ती पदरानं झाकते. चाक थांबवणारा कोण, हे तिला विचारावं लागत नाही. फिरवणारा कोण, हे मी एकदा विचारलं. ती भांडी घासत राहिली.

तिच्या घरी आता छताच्या पंख्याला दोरी बांधलेली असते. दुसरं टोक खिडकीच्या गजाला.

मागच्या रविवारी गेलो होतो. खिडक्या बंद. वीज होती, पण पंख्याचं बटण बंद. जेवताना उगाच वर नजर गेली…

दोरी ताणलेली होती.

“वर बघू नकोस,” मावशी म्हणाली. “जेवून घे.”

पंखा ती सुलट ओढत होता की उलट, ते मी पाहिलं नाही.