इंजिनावरचं झाकण

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी चाळीस वर्षं जुनं एक मोटरहोम टोचन करून गॅरेजात आणलं गेलं. इंजिन जाम झालं होतं. मालकीण डोळे तपासणारी. गावोगाव फिरून चष्म्याचे नंबर काढायचं काम तिला एक तारखेपासून मिळालं होतं, राहायचंही याच गाडीत. गाडी वडिलांची. ते गेल्या वर्षी गेले.

मिस्त्री तिच्याच वयाचा, बोलायला मोजका. गाडीखालून बाहेर येत, हात पुसत त्याने तीन पर्याय सांगितले. जुनंच इंजिन उघडून पुन्हा बांधायचं, पाच आठवडे लागतील. त्याच जातीचं वापरलेलं इंजिन लवकर मिळेल, पण किती टिकेल याचा भरवसा नाही. नवं डिझेल इंजिन आठ दिवसांत बसेल आणि पुढची पंधरा वर्षं बघायला नको.

"मग डिझेलच," ती म्हणाली.

"एक अडचण आहे. ते उंच आहे."

या गाडीत इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध असतं, त्यावर पत्र्याचं झाकण. डिझेलसाठी ते झाकण फूटभर वाढणार होतं. नुसतं सांगून गिऱ्हाइकाला अंदाज येत नाही, म्हणून असं काही बदलायचं तर तो आधी पुठ्ठ्याचं करून दाखवी. बुधवारी दुपारी त्याने ते बसवलं. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली, तो शेजारच्या.

"दिसतोय का मी?"

"कपाळ... फक्त कपाळ."

"नंबर तपासून घ्या तुमचा."

ती हसली. मग तिची नजर पुठ्ठ्यावर गेली. आई-वडील याच सीटांवर बसून बोलायचे, भांडायचे. आई रुसली की वडील तळवा वर करून हात झाकणावर ठेवायचे आणि रस्त्याकडे बघत वाट पाहायचे. मागे बसून तिने ते कितीदा पाहिलं होतं. हे सगळं तिने पुठ्ठ्याकडे बघत सांगितलं. त्याचा चेहरा दिसत असता तर सांगता आलं नसतं.

"तुम्ही काय बसवाल?" तिने विचारलं.

"मिस्त्री म्हणून, डिझेल. एकट्या फिरणार तुम्ही. गाडी वाटेत बंद पडता कामा नये."

"आणि मिस्त्री म्हणून नाही... तर?"

पुठ्ठा बाजूला सरकला.

"पाच आठवडे," तो म्हणाला. "मला ते पाच आठवडे हवेत."

त्याच संध्याकाळी तिने ऑफिसकडून एक महिन्याची मुदत मागून घेतली. गुरुवारी इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचा मुख्य ओतीव सांगाडा, तपासायला लेथवाल्याकडे गेला. तडा नसेल तर जुनं इंजिन बांधता येईल. असेल तर डिझेल, आणि आठ दिवसांत ती निघणार. निकाल शनिवारी दुपारपर्यंत फोनवर कळणार होता. गॅरेजचा फोन सांभाळणारी मिस्त्रीची ताई म्हणाली, इतक्या काळजीने तर लोक एक्स-रेचीसुद्धा वाट बघत नाहीत.

शनिवारी ती आली तेव्हा पुठ्ठा पुन्हा जागेवर होता. शेजारची सीट मात्र त्याने लाकडी ठोकळ्यांवर फूटभर उचलली होती आणि स्वतः त्या सीटवर बसला होता. पाय खाली टेकत नव्हते.

"तडा निघाला तर—" तो म्हणाला.

या सीटवर बसणार कोण, असं तिने विचारलं. त्याने तिच्यावरची नजर काढली नाही. ती आपल्या जागी बसली आणि तळवा वर करून हात झाकणावर ठेवला. पुठ्ठा किंचित दबला.

साडेबारापर्यंत लेथवाल्याचा फोन आलेला नव्हता.