नववा अंक

गणिताच्या बाईंनी घाईघाईत वर्गाचं दार उघडलं आणि ते थेट शिडीवर आदळलं. वर पेंटर होता. तो कसाबसा सावरला, पण ब्रशचा निळा फटकारा बाईंच्या बाहीवर उमटलाच.

माफी मागतानाही त्याचं लक्ष भिंतीकडेच होतं. चेहरा रडवेला.

बाईंनीच निवडलेली संख्या तो व्हरांड्यात रंगवत होता, ७३९३९१३३. हौसेच्या भरात अंक एवढे थोरले काढले, की पाचव्यानंतर विजेची पेटी आडवी आली. आणि दुपारी मुख्याध्यापिका बघायला येणार! त्यांच्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळायची.

बाईंना हसू फुटलं. त्यांनी समजावलं, ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच पूर्ण भाग जात नाही. गंमत म्हणजे शेवटून एकेक अंक पुसत गेलं, तरी उरते ती मूळच... अगदी एकटा सात उरेपर्यंत.

"म्हणजे माझं चुकलंच नाही?"

"चुकलं. पण खपून जाईल."

खपलंही. पेंटरला मात्र चैन पडेना. सुट्टीच्या दिवशी येऊन त्यानं सगळं पुसलं आणि आठही अंक नीट बसवले. मग सहजच विचारल्यासारखं विचारलं, शेवटी नववा अंक लावला तर? तरीही ती मूळच राहील?

"करून बघा की," बाई म्हणाल्या.

शून्य, सम अंक आणि पाच लगेच बाद झाले. एक किंवा सात लावला की तीननं भाग जायचा. घोडं अडलं ते तीन आणि नऊपाशी. मग रोज शाळा सुटली, की कुठेतरी रंगाचा पोपडा निघाल्याचं निमित्त काढून तो यायचा. दोघं पायरीवर बसून फरशीवर खडूनं लांबलचक भागाकार मांडायची. तो मुद्दाम हातचा विसरायचा, आणि बाई रागावल्यासारखं करायच्या.

एके दिवशी बाईच हातचा विसरल्या. आईनं रविवारी एका मुलाला घरी बोलावलं होतं, लग्नाचं बघायला. त्यांनी ते सांगितलं, आणि पेंटरच्या हातातला खडू मोडला.

"मग आज संपवूनच टाकू," तो हळूच म्हणाला. "नववा अंक कुठलाच चालत नाही. पहिल्याच संध्याकाळी मोबाईलवर बघितलं होतं मी."

"मग इतके दिवस...?"

"भागाकार करताना तुम्ही ओठांतल्या ओठांत पुटपुटता. ते बघायला यायचो." त्यानं खडूचे तुकडे गोळा केले. "पण तुम्हाला तर आधीपासूनच ठाऊक असणार. तुम्ही का नाही सांगितलंत?"

बाईंचे कान लाल झाले. त्यांनी हातावरचा खडू झटकला आणि फोन लावला.

"आई, रविवारी त्यांना नको बोलावूस. मीच एकाला घेऊन येतेय."

तो काय करतो, असं आईनं विचारलं असावं. बाईंनी समोर बघितलं. पेंटर श्वास रोखून बसला होता.

"भिंती रंगवतो," त्या म्हणाल्या. "आणि भागाकार... फार म्हणजे फारच सावकाश करतो."