दुपारचा काळोख

फोनमधला आवाज थांबला, तरी चष्मेवाल्यांच्या अंगावरचा काटा जाईना.

"आई, मी बरा आहे. आत्ताच दुपारचं जेवलो. बाहेर किट्ट काळोख आहे, दिवा लावून बसलोय. काळजी करू नकोस."

"परवा आला हा निरोप," शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या. "आवाज माझ्या धाकट्याचाच. पण काही विचारलं तर त्याचं उत्तर येत नाही. फोन केला तर उचलत नाही. तो नुसता बोलतो, ऐकत नाही."

वकीलबाईंनी वकिली सोडून खासगी तपासाचं काम धरलं होतं. खालच्या दुकानातले चष्मेवाले गिऱ्हाईक नसलं की त्यांच्या सोबतीला येत.

"मुलगा असतो कुठे?"

"परदेशात, पार उत्तरेच्या टोकाला, लाकडाच्या गिरणीत. हिवाळ्यात निरोप जावयांच्या फोनवर यायचे. 'बरा आहे' एवढंच ते सांगायचे. हा फोन त्यांनीच आणून दिला, उन्हाळ्याच्या तोंडावर."

दोघं आधी बाईंच्या मुलीकडे गेले. एवढ्या उकाड्यातही तिच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. पाण्याचा पेला पुढे करताना बाही सरकली आणि चष्मेवाल्यांना खालचा निळसर वळ दिसला.

"भावाशी शेवटचं कधी बोललात?"

"हिवाळा सरताना. मी ये म्हटलं, तो येतो म्हणाला. नाही आला." ती दाराकडे बघत राहिली. "त्याचाही संसार व्हायचाय. कशाला येईल?"

जावयाचं गॅरेज घराला लागूनच होतं. तो ट्रकखाली उताणा पडून काम करत होता.

"ट्रकखाली उतरायला खड्डा असता तर उभ्यानं झालं असतं," चष्मेवाले सहज म्हणाले.

"होता. पाणी साचायचं, म्हणून बुजवून सिमेंट केलं. उन्हाळ्याच्या आधीच."

"मेव्हण्याशी बोलणं होतं?" वकीलबाईंनी विचारलं.

"कालच झालं. मजेत आहे."

दोघं परत निघाले. चष्मेवाले म्हणाले, "भरदुपारी काळोख? बाई, मला हे भुताटकीचंच वाटतंय."

"भुताटकी नाही, हिवाळा आहे," वकीलबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवणकामाच्या बाईंच्या खोलीत सगळे जमले. दाराशी दोन पोलीस उभे होते.

"आपल्याकडे उन्हाळ्यात दिवस थोडा वाढतो, हिवाळ्यात थोडा घटतो," वकीलबाईंनी सुरुवात केली. "उत्तरेकडे जावं तसा हा फरक वाढत जातो. गिरणी आहे तिथे सध्या सूर्य मावळतच नाही म्हटलं तरी चालेल. दुपारी काळोख असतो तो ऐन हिवाळ्यात. म्हणजे हा निरोप आत्ताचा नाही, हिवाळ्यातला आहे."

"तिकडचं तुम्हाला काय ठाऊक?" जावई म्हणाला.

"गिरणीत विचारलं. हिवाळा संपतानाच तो रजा घेऊन घरी निघाला. परत गेलाच नाही. ज्याचा पत्ता नाही त्याच्याशी तुम्ही परवा बोललात! हिवाळ्यातले निरोप फक्त तुमच्याकडे होते. आईंना तुम्ही ते कधी ऐकवले नाहीत, म्हणून आता ते नवे म्हणून खपले. त्याच्याच फोनवरून एकेक पाठवत होतात. बर्फाचा, थंडीचा उल्लेख असलेले वगळलेत. काळोख तेवढा राहून गेला."

"पण कशासाठी?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

वकीलबाईंनी मुलीकडे पाहिलं. "ताई, तुम्ही त्याला का बोलावलं होतं?"

मुलीने हळूच दोन्ही बाह्या वर केल्या. आईच्या हातातलं कापड खाली पडलं.

"मला इथून घेऊन जा म्हटलं होतं," ती म्हणाली.

"तो त्यासाठीच आला. आधी गॅरेजमध्ये गेला, यांना जाब विचारायला. खड्डा त्यानंतर बुजला. आज तुम्ही दोघं घराबाहेर पडल्यावर पोलिसांनी सिमेंट फोडलं. खाली तो सापडला."

जावई उठला. पोलिसांनी त्याला तिथेच धरलं. त्याने बायकोकडे एकदाही पाहिलं नाही.

त्याला खाली नेलं. आईने लेकीला जवळ ओढलं. चष्मेवाले निघायला उठले, पण त्यांचा पाय निघेना.

"मला वाटलं, त्याने मला टाकलं," मुलगी म्हणाली. "मी त्याच्यावर रागावून बसले होते. गॅरेजच्या भिंतीपलीकडेच माझं स्वयंपाकघर आहे." तिने वकीलबाईंकडे पाहिलं. "त्याने मला हाक मारली असेल का हो?"