दोनदा घंटी, दोन ठोके

ही गोष्ट मी रचून सांगत असतो, तर माझ्या मामांना जरा बरं दाखवलं असतं. शेवटी रक्ताचं नातं आहे. पण मामांनीच मला बजावलंय, "सांगायचं तर घडलं तसं सांग, माझी बाजू घेऊ नकोस." आणि खरं सांगतो, घडलं त्यात त्यांची बाजू घ्यायला जागाच नाही.

वार शनिवार. वेळ सकाळी साडेसहाची. जागा, आमच्या गावावरच्या सायकलवाटेचं तिसरं वळण.

रात्र नव्हती. चांगलं उजाडलं होतं. फक्त धुकं होतं.

आधी वाटेबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी. वर दवाखाना, खाली बाजार, आणि मधे साडेचार किलोमीटरची उताराची वाट. ती गावातलीच वीस-बावीस माणसं मिळून राखतात. सगळे त्यांना 'वाटवाले' म्हणतात. प्रत्येकाला एक टप्पा नेमून दिलेला. दर शनिवारी आपापल्या टप्प्यावर जायचं, झुडपं छाटायची, पडलेले दगड हलवायचे, पाणी वाटेवर यायला लागलं तर आडवा चर खणून ते दरीकडे वळवायचं. चरावर जाड फळी टाकायची, की सायकल वरून सुखरूप जाते.

मामांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सगळं गाव त्यांना पंक्चरमामा म्हणायचं. तिसरं वळण बारा वर्षं त्यांच्याकडे होतं.

हे वळण आंधळं आहे. मधे मोठा खडक. पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून वाटवाल्यांनी एक पद्धत ठरवलेली. वरून येणाऱ्याने वळणाआधी दोनदा घंटी वाजवायची. पलीकडे काम करणाऱ्याने फावड्याने दगडावर उत्तर द्यायचं. दोन ठोके म्हणजे वाट मोकळी, या. एक ठोका म्हणजे थांबा. उत्तरच आलं नाही, तर उतरून चालत या.

बारा वर्षं मामांनी दोन ठोके दिले. घंटी वाजली की हात आपोआप उठायचा.

तिथेच घात झाला.

त्या शनिवारी मामांनी चर खणला. हातभर रुंद, गुडघाभर खोल. फळी वीस पावलं खाली ठेवलेली. खणायच्या आधी वळणाच्या वरच्या अंगाला लाल फडकं बांधायचं असतं. मामांनी ते बांधलं नाही. पाच मिनिटांचं तर काम, कशाला वर चढा, असा विचार केला.

ते फळी आणायला वळणार, इतक्यात...

टिंग. टिं.

ती घंटी मामा झोपेतही ओळखतील. नर्सबाईंची. वरच्या दवाखान्यातली रात्रपाळी संपवून त्या रोज याच वेळी उतरायच्या. त्यांच्या सायकलला घंटी मामांनीच बसवली होती. तिची स्प्रिंग जरा सैल, म्हणून दुसरा आवाज तुटका यायचा. "मामा, ही घंटी अर्धवट बोलते हो," असं त्या हसून म्हणायच्या. "पुढच्या वेळी नीट करून देतो," असं मामा दर वेळी सांगायचे.

घंटी वाजली. आणि मामांचा हात उठला.

टक्. टक्.

दुसरा ठोका पडला तेव्हा मामांचं लक्ष चराकडे गेलं. "थांबा" हा शब्द तोंडात आला, पण बाहेर पडायच्या आत सायकल वळणावरून आली होती. पुढचं चाक चरात गेलं. नर्सबाई सायकलसकट खालच्या ओढ्यात पडल्या.

मामांनी त्यांना पाठीवर घेऊन वर आणलं. गावापर्यंत आणलं. पण उशीर झाला होता.

*

गावाने काय म्हणावं? गाव म्हणालं, पंक्चरमामांनी साठीच्या वयात, दुखऱ्या गुडघ्याने, पाठीवर माणूस वाहून आणला. आणि गाव असंही म्हणालं, बिचारी रात्रभर जागी, झोपेत असणार. घंटी न वाजवताच वळली. वेगात होती.

मामांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

नर्सबाईंची आई घरी आली. हात जोडून म्हणाली, "तुम्ही होता म्हणून माझी पोर एकटी गेली नाही." मग हळूच विचारलं, "तिने घंटी वाजवली नाही, असं सगळे म्हणतात. ती असं कधी करायची नाही हो. तुम्ही ऐकली का?"

मामा म्हणाले, "मी काम करत होतो. लक्ष नव्हतं."

मामी आतून पाहत होती. नर्सबाईंची आई निघून गेल्यावर तिने विचारलं, "अहो, बारा वर्षांत तुम्हाला कधी घंटी ऐकू आली नाही, असं झालंय का?"

मामा जेवले नाहीत. मामीने पुन्हा विचारलं नाही. पण खाई त्याला खवखवे म्हणतात, ते मामीला त्या दिवसापासून दिसत होतं.

तीन शनिवार मामा वाटेवर गेले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. चौथ्या शनिवारी गेले. धुकं तसंच होतं. त्यांनी फावडं खाली ठेवलं. पक्षी ओरडत होते. खाली ओढा वाहत होता.

मग पक्षी गप्प झाले.

ओढ्याचा आवाजही येईना.

आणि खडकाच्या पलीकडून...

टिंग. टिं.

मामा जागच्या जागी थिजले. कुणीतरी तशीच घंटी बसवली असेल, असं मनाला समजावलं. "कोण आहे?" म्हणून ओरडले.

ते वळण चढून पलीकडे गेले. वाट रिकामी होती. ओल्या मातीवर चाकाचा एकही माग नव्हता.

परत आले, तर चरावरची फळी जागेवर नव्हती. वीस पावलं खाली, वाटेच्या कडेला नीट ठेवलेली होती. त्या दिवशी होती तिथेच.

पुढच्या शनिवारी मामांनी ठरवलं, काही झालं तरी उत्तर द्यायचं नाही. फावडं दूर ठेवून दिलं. घंटी वाजली. मामा गप्प. पुन्हा वाजली. पुन्हा. माणूस दारात उभं राहून कडी वाजवत राहतं, तशी वाजत राहिली. मामा कानावर हात ठेवून बसले. अर्धा तास.

त्याच्या पुढच्या शनिवारी मामांना वाटलं, आपण तेव्हा चुकीचं उत्तर दिलं, तर आता बरोबर देऊ. थांबा म्हणून सांगू.

टिंग. टिं.

मामांनी फावडं उचललं. दगडावर एकच ठोका दिला.

टक्.

आणि खडकाच्या पलीकडून लगेच...

टक्.

दोन झाले. वाट मोकळी.

खडीवर चाकं घरंगळत आल्याचा आवाज आला. जवळ आला. वळणावर आला. समोर कुणीच नव्हतं, नुसता आवाज. तो चरापर्यंत आला.

आणि बंद झाला.

पडल्याचा आवाज नाही. किंचाळी नाही. काहीच नाही. मामा म्हणतात, काहीतरी ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं.

*

यानंतर वाटवाल्यांची बैठक झाली. तिसऱ्या वळणावर पाटी लावायची ठरली. चित्रकलेचे मास्तर वाटवाल्यांचे सेक्रेटरी. त्यांनी स्वतः पाटी रंगवली: 'येथे घंटी न वाजवल्यामुळे एक जीव गेला. घंटी वाजवा.' आणि खांबासाठी खड्डा कुणी खणायचा? ज्याचा टप्पा त्याने.

मामांनी पाटी वाचली. परत वाचली. त्यांना वाटलं, लोक बोलतात ते दोन वर्षांनी विसरतील. पाटी विसरणार नाही. येणारा-जाणारा ती वाचेल, शाळेतली पोरं वाचतील. ती मेली आणि दोषही तिचाच, हे आता लोखंडी पत्र्यावर पक्कं होणार. आणि तो खांब आपल्या हाताने रोवायचा.

शनिवारी सकाळी सगळे वाटवाले जमले. मीही होतो. नर्सबाईंची आईही आली होती, तिला मुद्दाम बोलावलं होतं. मामा खड्डा खणत होते. चार घाव घालायचे आणि थांबायचे.

"मामा, दमलात का? मी खणतो," मी म्हणालो.

"गप रे. ऐक," ते म्हणाले.

मी कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही. पण मास्तर बोलायचे थांबले, कारण पक्षी एकदम गप्प झाले होते. ते सगळ्यांनाच जाणवलं.

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. नर्सबाईंच्या आईने मान वर केली. खडकाकडे बघितलं. तिचे ओठ हलले.

"तिचीच आहे," ती म्हणाली.

आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. त्या दोघांनाच आलं होतं.

मामांच्या हातातून फावडं गळून पडलं.

"वाजवली होती तिने," मामा म्हणाले. "दोनदा वाजवली. मी ऐकली. मीच दोन ठोके दिले, वाट मोकळी आहे म्हणून. आणि चर उघडा होता. लाल फडकं बांधलं नव्हतं. तुमच्या मुलीची काही चूक नव्हती."

मास्तर म्हणाले, "अहो पंक्चरमामा, काय बोलताय? त्या दिवशी नंतर आम्ही इथे बघायला आलो तेव्हा चरावर फळी होती. मी स्वतः पाहिली."

मामा खाली बसले.

"ती मी टाकली."

"कधी?"

"पोर पडल्यावर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मामा जमिनीकडे बघत म्हणाले, "ती खाली पडली होती. हाक मारत होती. मी आधी फळी आणली. चरावर टाकली. माती सारखी केली. मग खाली उतरलो."

नर्सबाईंच्या आईने त्यांच्याकडे बघितलं. मग तिने एकच प्रश्न विचारला.

"किती वेळ लागला फळी टाकायला?"



"पाच मिनिटं," मामा म्हणाले.

आई उठली. पदर सावरला. एकटीच वाट उतरून गेली. ती ओरडली असती, तिने मामांना मारलं असतं, तर आम्हाला सगळ्यांनाच बरं वाटलं असतं.

*

मामा त्याच दिवशी पोलीस चौकीत गेले. त्याचं जे व्हायचं ते झालं. गावात कुणी शिव्या दिल्या, कुणी ओळख सोडली. मामांनी दोन्ही मुकाट घेतलं. वाटवाल्यांनी ठोक्यांची पद्धत बंद केली. आता तिसऱ्या वळणावर सगळ्यांनीच उतरून चालायचं. मास्तरांनी पाटी खरवडून नव्याने रंगवली. आता तिच्यावर एवढंच आहे: 'तिने घंटी वाजवली होती. येथे उतरून चाला.'

तो टप्पा आता माझ्याकडे आहे. मी मागून घेतला. फळी मी चार खिळ्यांनी पक्की ठोकली.

घंटी त्यानंतर कुणाला ऐकू आली नाही. मला वाटलं, संपलं.

गेल्या शनिवारी मी वरून येत होतो. धुकं होतं. वळण आलं. आता गरज नसते, तरी सवयीने माझा अंगठा घंटीवर गेला. दोनदा वाजवली.

आणि खडकाच्या पलीकडून...

टक्. टक्.

स्पष्ट. फावड्याचे. मामा द्यायचे तसेच.

खोटं कशाला बोलू? माझा पाय पॅडलवर दाबला गेला होता. इतकं ओळखीचं उत्तर होतं ते. एक फेरा चाक पुढे गेलंही. मग ब्रेक लावला आणि उतरलो.

चालत वळलो. कुणी नव्हतं. चर उघडा होता. फळी वीस पावलं खाली, कडेला नीट ठेवलेली. चारही खिळे तिच्या शेजारी ओळीने मांडलेले.

सायकल तिथेच टाकून मी पळत खाली आलो. मामा घराच्या पायरीवर बसले होते. हातात काठी. मामी दारात उभी. तिने मला आधी सांगितलं होतं, की दर शनिवारी साडेसहाला हे पायरीवर येऊन बसतात आणि काठीने दगडावर एक ठोका मारतात. एकच. थांबा म्हणून. ती अडवत नाही.

माझा चेहरा बघून मामा उभे राहिले.

"तू वळलास का रे, सायकलवरून?"

"नाही मामा. उतरलो."

मामा मटकन खाली बसले. रडायला लागले. मी त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"मी एकच मारला होता रे," ते म्हणाले. "शपथेवर सांगतो. एकच."

मी मामीकडे बघितलं. तिने मान हलवली.

"एकच मारला," ती म्हणाली. "मी मोजला."

फळी मी पुन्हा ठोकली आहे, या वेळी आठ खिळ्यांनी. पण कधी त्या वाटेने आलात, आणि तिसऱ्या वळणावर पलीकडून कुणी दोन ठोके दिले, तर ऐकू नका. उतरून चाला.